तज्ज्ञाची साक्ष कोर्टात कधी चालते, कधी चालत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोर्टाच्या व्हरांड्यात एखादा पक्षकार अहवालाची झेरॉक्स हातात धरून येतो आणि विचारतो, "साहेब, आता रिपोर्टच आलाय. संपलं ना सगळं?" विचारणारा कधी आनंदात असतो, कधी रडवेला. दोघांनाही माझं उत्तर एकच असतं : नाही, संपलेलं नाही. प्रयोगशाळेचा शिक्का म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. तज्ज्ञ मत देतो, निकाल न्यायाधीश देतो. हा फरक न कळल्यामुळे माणसं हातातली केस सोडून देतात, नाहीतर अहवालाच्या भरवशावर बाकीचा पुरावाच गोळा करत नाहीत. म्हणून पक्षकार, नवे वकील आणि कायद्याचे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

कायद्याच्या दृष्टीने तज्ज्ञ कोण?

साध्या साक्षीदाराने जे पाहिलं, जे ऐकलं, तेवढंच सांगायचं असतं. "मला वाटतं" असं तो म्हणाला की समोरचा वकील उभा राहतो. या नियमाला तज्ज्ञ हा अपवाद आहे. परदेशी कायदा, विज्ञान, कला, हस्ताक्षर, बोटांचे ठसे या विषयांत विशेष जाणकार असलेल्याचं मत न्यायालय विचारात घेऊ शकतं. जुन्या भारतीय पुरावा कायद्यात, म्हणजे १८७२ च्या अधिनियमात, हे कलम ४५ मध्ये होतं. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ मध्ये आहे. नव्या कलमात "किंवा अन्य कोणतंही क्षेत्र" हे शब्द जोडले आहेत, त्यामुळे दार पूर्वीपेक्षा रुंद झालं आहे.

मूळ १८७२ च्या कायद्यात बोटांच्या ठशांचा उल्लेखच नव्हता. जगातला पहिला अंगुलिमुद्रा विभाग १८९७ मध्ये कोलकात्यात सुरू झाला आणि १८९९ च्या दुरुस्तीने ठसे कायद्यात आले. विज्ञान पुढे जातं, कायदा मागून येतो. हे तेव्हापासून चालत आलं आहे.

पदवी हवीच, असं कायदा म्हणत नाही. त्या विषयाचा खास अभ्यास किंवा अनुभव मात्र दाखवावा लागतो, आणि तो साक्षीतच यावा लागतो. नुसता हुद्दा पुरत नाही. हिमाचल प्रदेश सरकार विरुद्ध जयलाल (१९९९) हा खटला रोगट सफरचंदांच्या सरकारी खरेदीतल्या कथित गैरव्यवहाराचा होता. एका फलोत्पादन अधिकाऱ्याने बागा पाहून उत्पादनाचा अंदाज दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. असा अंदाज बांधण्याचं खास शिक्षण किंवा अनुभव त्याच्यापाशी असल्याचं सिद्ध झालं नव्हतं आणि मतामागचा आधारही पुरेसा नव्हता. शेतीशी संबंधित पद आहे म्हणून माणूस शेतीतल्या प्रत्येक गोष्टीचा तज्ज्ञ ठरत नाही.

मत "ग्राह्य" झालं म्हणजे कोर्टाने ते मान्य केलं का?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ग्राह्य म्हणजे पुरावा म्हणून वाचता येईल असं, अहवालाला निशाणी क्रमांक (कोर्टाच्या नोंदीतला पुराव्याचा क्रमांक) मिळाला असं. त्याला वजन किती द्यायचं, हा त्यापुढचा प्रश्न.

वजन मिळतं कारणांवरून. मत ज्या आधारावर दिलं तो आधारही सुसंगत पुरावा आहे, असं जुन्या कायद्याचं कलम ५१ आणि नव्याचं कलम ४५ सांगतं. तज्ज्ञ आपण केलेल्या प्रयोगांची माहिती देऊ शकतो, हे त्या कलमाच्या उदाहरणातच आहे. रमेशचंद्र अग्रवाल विरुद्ध रीजन्सी हॉस्पिटल (२००९) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपेक्षा स्पष्ट केली : विषय ज्ञानाची मान्यताप्राप्त शाखा असावी, मत भरवशाच्या तत्त्वांवर उभं असावं आणि माणूस त्या शाखेत पारंगत असावा. तज्ज्ञाने निष्कर्ष कसा काढला हे न्यायाधीशाला इतकं उलगडून सांगावं, की न्यायाधीश स्वतः पडताळा घेऊन स्वतंत्र मत बनवू शकेल.

म्हणून "सह्या जुळतात" एवढंच एका ओळीत लिहिलेला अहवाल, सही कितीही मोठ्या अधिकाऱ्याची असली, तरी मला दुबळा वाटतो.

माझी केस जुनी आहे. नवा कायदा लागू होईल का?

भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून अमलात आला. त्या दिवशी प्रलंबित असलेले खटले, चौकश्या आणि अपिलं जुन्या पुरावा कायद्यानेच चालतात, अशी तरतूद कलम १७० मध्ये आहे. त्यामुळे आजही अनेक कोर्टांत दोन्ही कायद्यांची पुस्तकं शेजारी शेजारी असतात. कलमांचे आकडे बदलले, पण तज्ज्ञांबद्दलच्या जुन्या निवाड्यांचा गाभा टिकून आहे.

हस्ताक्षर तज्ज्ञाच्या एकट्या मतावर शिक्षा होऊ शकते का?

होऊ शकते, पण न्यायालयं फार जपून पावलं टाकतात, आणि त्याला कारण आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९५० ते १९७० च्या दशकांत अनेकदा बजावलं की हस्ताक्षराबद्दलचं मत हा कच्चा पुरावा आहे आणि त्याला दुसऱ्या पुराव्याचा टेकू हवा. शशिकुमार बॅनर्जी (१९६४), फखरुद्दीन (१९६७), मगन बिहारी लाल (१९७७) हे निवाडे त्याच वळणाचे. खालच्या कोर्टांत त्यातून जणू नियमच तयार झाला होता : टेकू नाही तर मत वाचायचंच नाही.

मुरारीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९८०) मध्ये न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी ही समजूत दुरुस्त केली. खुनाच्या जागी सापडलेल्या वहीत हिंदी मजकूर होता. बी.ए. होऊनही नोकरी मिळाली नाही, कुणालाच पर्वा नाही, त्याचा हा परिणाम, अशा अर्थाचा. तो आरोपीच्या हातचा आहे का, हा प्रश्न होता. न्यायालय म्हणालं, तज्ज्ञ हा गुन्ह्यातला साथीदार नव्हे, की त्याच्या प्रत्येक शब्दाला दुजोरा लागावा. धोका असतो तो माणसाचं मत चुकू शकतं म्हणून. शास्त्र जितकं प्रगत, तितकी चुकीची शक्यता कमी. ठशांचं शास्त्र जवळजवळ परिपूर्णतेला पोचलं आहे, हस्ताक्षराचं तितकं नाही. म्हणून मत सावधपणे वाचा, कारणं तपासा, बाकीचा पुरावा बघा. कारणं पटणारी असतील आणि मनात शंका उत्पन्न करणारं दुसरं काही नसेल, तर दुजोऱ्याशिवायही मत स्वीकारता येतं.

हा निवाडा मला आजही या विषयावरचा सर्वांत समंजस वाटतो. नवीन वकिलांनी तो मुळातून वाचावा.

व्यवहारातली गोष्ट वेगळी. हस्ताक्षराची बहुतेक प्रकरणं तुलनेसाठी दिलेल्या नमुन्यांपाशी अडखळतात. वादातली सही २०११ च्या करारावरची आणि तुलनेला दिलेली सही कोर्टात उभ्याने, घाबरत, २०२४ मध्ये केलेली, असं असेल तर तज्ज्ञाने तरी काय करावं? त्याच काळातल्या मान्य सह्या शोधा : बँकेतलं खातं उघडण्याचं पत्र, नोंदणीकृत खरेदीखत, शाळेचं किंवा कचेरीचं हजेरीपत्रक. आणि मूळ कागद द्या. झेरॉक्सवर लेखणीचा दाब दिसत नाही, कुठे उचलली तेही दिसत नाही.

धनादेशाच्या खटल्यात सही तज्ज्ञाकडे पाठवायची मागणी करता येते का?

करता येते. बचावाचा पुरावा देणं हा आरोपीचा हक्क आहे, असं टी. नागप्पा खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. पण सही मान्य असेल आणि "रक्कम मी लिहिली नव्हती" एवढाच बचाव असेल, तर फारसा उपयोग नाही. बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार (२०१९) नुसार सही करून दिलेला कोरा धनादेश दुसऱ्याने भरला, तरी तो देणं फेडण्यासाठीच दिला होता, हे कायद्याचं गृहीतक लागू होतं.

न्यायाधीश स्वतः सह्या ताडून पाहू शकतात का?

जुन्या कलम ७३ आणि नव्या कलम ७२ नुसार तसा अधिकार आहे. तरी अजित सावंत मजगवी विरुद्ध कर्नाटक राज्य (१९९७) मध्ये न्यायालयाने बजावलं की थोडी जरी शंका असेल तरी न्यायाधीशाने ही जोखीम स्वतःच्या शिरावर घेऊ नये, मत तज्ज्ञावर सोपवावं. दुसरीकडे मुरारीलाल खटल्यात म्हटलं आहे की तज्ज्ञच उपलब्ध नसेल तर तुलना करणं न्यायालयाचं कर्तव्य ठरतं. परवानगी आहे, पण सवय करू नये, असा दोन्हींचा मेळ मी घालतो.

शास्त्रज्ञ साक्षीला न येता नुसता अहवाल वाचता येतो का?

काही सरकारी तज्ज्ञांच्या बाबतीत येतो. दंड प्रक्रिया संहितेचं कलम २९३ आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३२९ यांत यादी दिली आहे : रासायनिक परीक्षक, स्फोटकांचे मुख्य नियंत्रक, अंगुलिमुद्रा विभागाचे संचालक, केंद्रीय आणि राज्य न्यायवैद्यक प्रयोगशाळांचे संचालक, उपसंचालक व सहायक संचालक, सरकारी रक्तजलतज्ज्ञ वगैरे. या यादीत मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या संचालकांचंही नाव आहे. आपल्याकडे पोलीस आणि वकील ज्याला "सी.ए. रिपोर्ट" म्हणतात, तो रासायनिक विश्लेषकाचा अहवाल याच कलमाखाली थेट दाखल होतो. न्यायालयाला वाटलं तर ते तज्ज्ञाला बोलावू शकतं.

इथे एक खाच आहे. हस्ताक्षर तज्ज्ञ या यादीत नाही. केशव दत्त विरुद्ध हरियाणा राज्य (२०१०) मध्ये खालच्या कोर्टाने हस्ताक्षर तज्ज्ञाला न तपासताच त्याच्या अहवालावर भिस्त ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने ती चूक ठरवली. उलटतपासाला सामोरं न गेलेलं मत तसंच वाचायचं नसतं.

शवविच्छेदन अहवालाचं गणित निराळं. एरवी डॉक्टरने साक्ष द्यावी लागते. पण समोरच्या पक्षाने अहवालाच्या खरेपणावर हरकत घेतली नाही, तर डॉक्टरला न बोलावताही तो मूळ पुरावा म्हणून वाचता येतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने शेख फरीद खटल्यात ठरवलं. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका मान्य केली. नव्या संहितेच्या कलम ३३० ने याच दिशेने आणखी एक पाऊल टाकलं आहे : एखाद्या पक्षाने अहवालावर वाद उपस्थित केल्याशिवाय तज्ज्ञाला बोलावायचंच नाही.

यामुळे बचावाच्या वकिलावर मोठी जबाबदारी येते. कागदपत्रं कबूल आहेत का, असं कोर्ट विचारतं तेव्हा न वाचता "मान्य" असं लिहून दिलं, की उलटतपासाची संधी हातची गेली. आरोपी तुरुंगात असतो, त्याला याचा पत्ताही नसतो. कृपा करून अहवाल आधी वाचा.

तज्ज्ञ निवृत्त झाले किंवा वारले तर?

नव्या संहितेच्या कलम ३३६ नुसार त्यांच्या जागी आलेला अधिकारी त्या अहवालाबद्दल साक्ष देऊ शकतो, दृकश्राव्य माध्यमातूनही. वेळ वाचतो हे खरं. पण ज्याने नमुना हाताळलाच नाही त्याला "तुम्ही हा निष्कर्ष कसा काढला?" हे विचारून काय मिळणार? या तरतुदीबद्दल माझ्या मनात शंका आहे. वरिष्ठ न्यायालयं तिचा अर्थ कसा लावतात, यावर बरंच अवलंबून राहील.

प्रत्यक्षदर्शी एक सांगतो आणि डॉक्टर दुसरंच. कोर्ट कुणाचं ऐकतं?

साधारणपणे विश्वासार्ह प्रत्यक्षदर्शीचं. जखम कशाने होऊ शकते, मृत्यू केव्हा झाला असावा, हे डॉक्टर शक्यतेच्या भाषेत सांगतो. अब्दुल सईद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२०१०) मध्ये सूत्र मांडलं आहे : वैद्यकीय पुराव्याने प्रत्यक्षदर्शीची हकीकत अगदी अशक्यच ठरत असेल, तरच तिच्यावर अविश्वास दाखवता येईल. थोडीफार विसंगती पुरत नाही. आणि वैद्यकीय ग्रंथातला उतारा युक्तिवादाच्या वेळी काढून डॉक्टरला खोटं पाडता येत नाही. तो उलटतपासात त्याच्यापुढे ठेवावा लागतो. १९५७ पासून हा दंडक आहे.

डीएनए अहवाल आला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला ना?

या प्रश्नाचं उत्तर मला सावकाश द्यायचं आहे, कारण इथे लोकांची श्रद्धा सर्वांत दृढ आहे.

डीएनएचं शास्त्र भक्कम आहे. पण कोर्टापुढे नमुना येतो तो अनेक हातांतून : पंचनाम्याच्या जागेवरून पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात, तिथून शिपायाच्या हाती प्रयोगशाळेत. या वाटेवर कुठेही सील तुटलं, नोंद राहिली, नमुना उष्म्यात पडून राहिला, तर प्रयोगशाळा अचूक काम करूनही चुकीच्या गोष्टीबद्दल अचूक उत्तर देईल.

दिल्लीच्या छावला प्रकरणात, म्हणजे एका तरुणीवरच्या अत्याचाराच्या आणि खुनाच्या खटल्यात, खालच्या दोन्ही न्यायालयांनी फाशीची शिक्षा सुनावली होती. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये आरोपींना सोडलं. डीएनए अहवाल आरोपींच्या विरोधात होता, पण नमुने फेब्रुवारी २०१२ मध्ये अकरा दिवस पोलिसांच्या मालखान्यात पडून होते आणि तज्ज्ञाने वापरलेली तंत्रं नीट वापरली की नाही, हे खालच्या न्यायालयांनी तपासलंच नव्हतं. निकालाने देशभर संताप झाला. मृत मुलीच्या आईवडिलांचं दुःख समजू शकतं. पण तो संताप कोर्टापेक्षा तपासावर निघायला हवा होता, असं मी तेव्हाही म्हणत होतो.

सहाच महिन्यांनी, मे २०२३ मध्ये, ठाणे जिल्ह्यातल्या एका कोवळ्या मुलीवरच्या अत्याचाराच्या आणि खुनाच्या खटल्यात तेच झालं. मुंबई उच्च न्यायालयाने कायम केलेली फाशी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. नमुने प्रयोगशाळेत पोचायला झालेल्या दिरंगाईचं स्पष्टीकरण नव्हतं, त्यामुळे भेसळीची शक्यता नाकारता येत नव्हती. डीएनए हाही शेवटी मताचाच पुरावा आहे आणि त्याचं वजन प्रकरणागणिक बदलतं, हे न्यायालयाने पट्टू राजन (२०१९) खटल्यातच सांगून ठेवलं होतं.

जुलै २०२५ मध्ये कट्टावेल्लई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांसाठी निर्देश दिले : नमुन्यावर गुन्हा क्रमांकासह सगळा तपशील असावा, घेतल्यापासून ४८ तासांत तो प्रयोगशाळेत पोचवावा, खटला चालू असताना न्यायालयाच्या परवानगीशिवाय उघडू नये, आणि तो कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला याची नोंदवही शेवटपर्यंत ठेवावी. ही नोंदवही पाहायला मागणं हे आता वकिलाचं पहिलं काम. नव्या संहितेच्या कलम १७६(३) मुळे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणंही टप्प्याटप्प्याने बंधनकारक होत आहे.

मूल कुणाचं, यासाठी डीएनए चाचणीचा आदेश मिळतो का?

मागितला की मिळतो, असं नाही. विवाहसंबंध चालू असताना जन्मलेलं मूल औरस, हे कायद्याचं जुनं गृहीतक आहे (पूर्वी कलम ११२, आता ११६). महाराष्ट्रातल्याच एका पोटगीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं की चाचणी झालेलीच असेल आणि तिचं उत्तर स्पष्ट असेल, तर गृहीतकापेक्षा शास्त्र वरचढ. पण चाचणी करायला लावायची का, हा वेगळा प्रश्न. २०२३ मध्ये, पुन्हा महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका घटस्फोटाच्या प्रकरणात न्यायालयाने मुलाच्या बाजूने विचार केला. पत्नीचे विवाहबाह्य संबंध सिद्ध करायला मुलाचं रक्त हे हत्यार करू नये. मला हा निवाडा फार मोलाचा वाटतो. भांडण आईबापांचं, आणि आयुष्यभराचा शिक्का लेकराच्या कपाळी, हे न्यायालयाने थांबवलं.

सीसीटीव्ही, मोबाईल, व्हॉट्सअॅप यांचं काय?

इथे महाराष्ट्राने देशाला कायदा दिला, असं म्हटलं तरी चालेल. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांनी निवडणूक याचिका केली : उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर दाखल झाला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. त्यासाठी जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जोडायचं, प्रमाणपत्र हवं होतं. याचिकाकर्त्यांनी ते पुन्हा पुन्हा मागितलं, मिळालं नाही. औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याच्या साक्षीच्या आधारे चित्रीकरण वाचलं आणि निवडणूक रद्द केली.

१४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने ठरवलं की प्रमाणपत्र बंधनकारकच आहे, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मूळ उपकरणच कोर्टात आणलं, तर प्रमाणपत्र लागत नाही. आणि ज्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळं केलं पण ज्याच्या हाती ते होतं त्यानेच दिलं नाही, त्याला अशक्य गोष्टीसाठी शिक्षा करता येत नाही. या शेवटच्या मुद्द्यावर निवडणूक रद्द झाल्याचा निकाल टिकला.

नव्या कायद्याच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. भाग अ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. फाईलचं हॅश मूल्यही (फाईलचा जणू डिजिटल ठसा, फाईल बदलली की तोही बदलतो) लिहायचं. मोबाईलवरच्या संभाषणाचे स्क्रीनशॉट छापून आणले आणि काम झालं, असं समजू नका. तो मोबाईल जपून ठेवा, विकू नका, फॉरमॅट करू नका.

नार्को चाचणी, मेंदूची चाचणी, पोलिसांचं श्वान?

तेलगी मुद्रांक घोटाळ्याच्या काळात मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये अशा चाचण्यांना परवानगी दिली होती. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या चाचणीचाही आधार घेत दोषी ठरवलं आणि जगभर चर्चा झाली. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य (मे २०१०) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं थांबवलं. सक्तीने नार्को, खोटं पकडण्याची किंवा मेंदूची चाचणी करता येत नाही. संमतीने केली तरी तिचे निष्कर्ष पुरावा म्हणून चालत नाहीत. त्यातून पुढे एखादी वस्तू सापडली, तर तेवढीच माहिती वाचता येते. रक्त, बोटांचे ठसे, हस्ताक्षर आणि २०१९ पासून आवाजाचे नमुने घ्यायला मात्र हरकत नाही. नमुना देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, हे १९६१ च्या काथी कालू ओघड खटल्यापासून ठरलेलं आहे.

श्वानाबद्दल महाराष्ट्रातलाच दफादार खटला (१९६९) आहे. श्वान साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहत नाही, त्याला हाताळणारा पोलीस ऐकीव गोष्ट सांगतो, आणि माणसाचं स्वातंत्र्य प्राण्याच्या अनुमानावर टांगता येत नाही. तपासाला दिशा देण्यापुरता त्याचा उपयोग.

वय ठरवायला हाडांची चाचणी पुरते का?

ती शेवटचा उपाय आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, मग ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची जन्मनोंद, आणि यांपैकी काहीच नसेल तर हाडांची चाचणी. त्या चाचणीत दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात, हे न्यायालयाने १९८२ पासून मान्य केलं आहे.

डॉक्टरांची एखादी पद्धतच अशास्त्रीय असेल तर?

तर ती फेकून द्यायची. बलात्कार पीडितेची तथाकथित "दोन बोटांची चाचणी" वर्षानुवर्षं वैद्यकीय अहवालांत येत राहिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तिला शास्त्रीय आधार नाही, ती बाईची पुन्हा विटंबना आहे आणि यापुढे करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल. पांढरा कोट घातलेल्या माणसाचं वाक्य प्रश्न न विचारता मान्य केलं की काय होतं, ते या चाचणीने दाखवलं. किती बायकांना ती सोसावी लागली याचा विचार केला की अजूनही मन विषण्ण होतं.

डॉक्टरच्या हलगर्जीपणाबद्दल तक्रार करायची आहे. तज्ज्ञ हवाच का?

फौजदारीत बहुतांश वेळा हवा. जेकब मॅथ्यू (२००५) खटल्यानुसार पोलिसांनी आधी दुसऱ्या, निःपक्ष डॉक्टरचं मत घ्यायचं असतं. ग्राहक आयोगापुढे तसं प्रत्येक वेळी लागत नाही. व्ही. किशन राव खटल्यात (२०१०) मलेरियाच्या रुग्णावर टायफॉईडचे उपचार झाले होते, तिथे चूक उघड होती. तज्ज्ञ परदेशी असेल तरी अडचण नाही. मुंबईतल्या एका खटल्यात न्यूयॉर्कच्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच मान्यता दिली. त्यातल्या शल्यविशारदांना पुढे २०१३ मध्ये फौजदारी आरोपातून मुक्त केलं गेलं, हेही सांगायला हवं.

अमेरिकेत तज्ज्ञाला आधीच अडवतात म्हणे. आपल्याकडे?

तिथे १९९३ च्या डॉबर्ट निवाड्यापासून न्यायाधीश दारावरचा राखणदार आहे. पद्धत तपासून पाहिली आहे का, इतर शास्त्रज्ञांनी ती पारखली आहे का, चुकीचं प्रमाण किती, त्या क्षेत्रात ती मानली जाते का, हे तो पाहतो आणि न पटलेलं मत ज्युरीपुढे (निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळापुढे) जाऊच देत नाही. आपल्याकडे ज्युरी नाही, त्यामुळे मत सहसा आत येतं आणि निकालाच्या वेळी तोललं जातं. मला स्वतःला थोडी राखण आधीच व्हावी असं वाटतं. एकदा आत आलेलं मत सगळ्यांच्या मनात घर करून बसतं आणि आरोपी तोवर कोठडीत असतो.

गोव्यातल्या पोर्तुगीज कायद्यासाठी परदेशी कायद्याचा तज्ज्ञ लागतो का?

नाही. पोर्तुगीज नागरी संहिता १९६२ च्या कायद्याने भारतीय कायद्याचा भाग झाली, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कुतिन्हो खटल्यात ठरवलं. न्यायालय ती थेट वाचतं.

शेताच्या बांधाच्या वादात मोजणीदार तज्ज्ञच ना?

हो, आणि गावाकडच्या माणसाला कोर्टात भेटणारा बहुधा हाच एकमेव तज्ज्ञ. अतिक्रमणाच्या दाव्यात कोर्ट कमिशनर (कोर्टाने पाहणीसाठी नेमलेला माणूस) म्हणून भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी मागवता येते. हद्दीच्या वादात अशी मोजणी व्हायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने हरियाणा वक्फ बोर्ड खटल्यात (२००८) म्हटलं आहे. मोजणीच्या दिवशी दोन्ही बाजूंना नोटीस गेली होती का, मोजणी कोणत्या पक्क्या खुणांपासून सुरू केली, मूळ नकाशा कोणता घेतला, हे बघा. खासगी मोजणी एका बाजूने करून आणली तर तिचं वजन फार कमी.

अहवाल आमच्या विरोधात आलाय. आता काय करू?

आधी पूर्ण अहवाल सहपत्रांसह मिळवा, शेवटचं पान नको. वकिलाबरोबर बसून तारखा एका कागदावर लिहा : नमुना कधी घेतला, कुठे होता, कधी पाठवला, पोचला तेव्हा सील कसं होतं, तपासला कुणी, सही कुणाची. मग मतामागची कारणं शोधा. ती नसतील तर तोच उलटतपासाचा पहिला प्रश्न. तज्ज्ञाला बोलावण्याचा अर्ज मुदतीत द्या. परवडत असेल तर दुसऱ्या जाणकाराकडून अहवाल समजून घ्या, तो साक्षीला नाही आला तरी प्रश्न कसे विचारायचे ते सांगेल. परवडत नसेल तर प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. अर्ज घेऊन तिथे जा, आणि अहवालाची प्रत सोबत न्या.